दसऱ्याची हजेरी

माझ्या नवऱ्याला खोटं बोलता येत नाही, हे मला लग्नानंतर आठवड्याभरातच कळलं. पुरणपोळ्या कशा झाल्यात, असं माझ्या आईनं कौतुकानं विचारलं आणि हे म्हणाले, "चव छान आहे, जरा जाड झाल्यात." आईनं पुढची चार वर्षं जावयाला पुरणपोळी वाढली नाही, श्रीखंड विकत आणून वाढलं. तेव्हा मला हसू आलं होतं. पुढे चोवीस वर्षांनी याच गुणापायी यांची नोकरी गेली, असं मी परवापर्यंत भेटेल त्याला सांगत होते. आता तसं सांगता येत नाही, म्हणून पहिल्यापासून लिहायला बसले आहे.

हे म्हणजे अविनाश मोहिते. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे इथल्या गुजराती मुलखातल्या औद्योगिक वसाहतीत, वाल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात बावीस वर्षं लेथवर होते. मी वसुंधरा, लहरीपुऱ्यात साडीच्या दुकानात फॉल-पिको करते. पाणीगेटच्या आत आमच्या दोन खोल्या आहेत आणि यशश्री नावाची एक मुलगी आहे, जी कॉलेजात शिकते आणि आम्हांला येणारी इंग्रजी पत्रं वाचून दाखवते.

मोहित्यांच्या घरात हजेरीला फार मान. यांचे पणजोबा गायकवाडांच्या पलटणीत होते. त्यांनी लढाई पाहिली की नाही हे कोणी सांगत नाही, पण सकाळच्या हजेरीला कधी चुकले नाहीत हे सगळे सांगतात. माझे सासरे प्रतापराव रेल्वेच्या कारखान्यात होते, त्यांच्या तोंडी एकच वाक्य, 'हजर तो वजीर.' वजीर त्यांच्यापैकी कोणी झाला नाही. सगळे हजर मात्र राहिले. हे तर तापातसुद्धा कामावर जायचे. दारातल्या पंचिंग मशीनवर बोट टेकवलं की यांच्या चेहऱ्यावर देवाला हात जोडल्यासारखं समाधान यायचं, असं त्यांचे फोरमन विक्रमसिंह सांगायचे. रजा साठायच्या, काही दर वर्षी बुडून जायच्या. मी ओरडायचे, की बुडणाऱ्या रजेत निदान नरसोबाच्या वाडीला तरी जाऊन येऊ. हे म्हणायचे, "अडीनडीला लागेल."

अडीनडी गेल्या गणपतीत आली. पाठ दुखते हे यांनी दोन महिने कोणाला सांगितलं नव्हतं. एका सकाळी डावा पाय उचलेना, तेव्हा सांगितलं. मणक्यातली गादी सरकून नस दाबली होती. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, तीन महिने वाकायचं नाही, उचलायचं नाही, फार वेळ उभं राहायचं नाही. लेथवरच्या माणसाचं काम म्हणजे या तिन्ही गोष्टी.

ऑपरेशनला पैसा लागला नाही. पगारातून दर महिन्याला ईएसआयचं, म्हणजे सरकारी कामगार विम्याचं, जे कापतात, त्यात ते झालं. पगार एकवीस हजारांच्या वर गेला की माणूस या योजनेतून बाहेर पडतो. बावीस वर्षांत आमचा पगार तिथवर पोचलाच नाही, म्हणून आम्ही आत होतो. याला नशीब म्हणायचं. शिवाय आजारपणात घरी बसावं लागलं, तर तेच ऑफिस पगाराच्या सत्तर टक्के भत्ता देतं. त्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरचं सर्टिफिकेट दर आठवड्याला नेऊन द्यायचं, एवढंच.

चौथ्या दिवशी कारखान्याच्या एचआरचा मयंक भेटायला आला. तिशीतला गोरागोमटा मुलगा, बूट दाराबाहेर काढून आला, नारळपाणी घेऊन आला. मला वाटलं, काय संस्कार आहेत.

"बेन, टेन्शन ना लो," तो म्हणाला. "ईएसआयवाळा तो सत्तर टक्काज आपशे. अविनाशभाईनी अढार पीएल पडी छे. पहेलां ए वापरी नाखो, पूरो पगार मळशे."

अठरा दिवसांची भरपगारी रजा शिल्लक होती, ती आधी वापरा, पूर्ण पगार मिळेल, आणि ती संपली की मग भत्ता मागा. हे पडल्या पडल्या म्हणाले, "राहू दे ना ती रजा. भत्ता पहिल्यापासूनच घेऊ. रजा पुढे लागली तर?"

"सत्तर मोठे की शंभर?" मी विचारलं आणि अर्ज स्वतः लिहून यांची सही घेतली. हिशेब करण्यात मी घरात हुशार समजली जाते. ज्या दिवशी कंपनीकडून पैसे मिळतात, मग ते कामाचे असोत, रजेचे असोत की सणाच्या सुटीचे, त्या दिवसाचा भत्ता मिळत नाही, हेही मयंकनं समजावून सांगितलं. मला ते पटलं. एका दिवसाचं जेवण दोन घरी कोण वाढणार. पण ती अठरा दिवसांची रजा ही आमच्याकडची एकुलती एक छत्री होती आणि ती मी ऊन पडलेलं असताना उघडून मोडून टाकली, हे तेव्हा कळलं नाही.

अठरा दिवस संपले. भत्ता सुरू झाला. पहिला आठवडा सरला आणि दसरा आला.

आता दसऱ्याचं सांगायला हवं, कारण इतर घरांतून हे घडलं नसतं. आमच्याकडे त्या दिवशी सकाळी पणजोबांची तलवार पुजतात. ती गंजलेली आहे, म्यानातून निघतही नाही. पण यांचं खरं शस्त्र म्हणजे ते लेथचं मशीन. शस्त्र ज्याचं त्यानंच पुजायचं, दुसऱ्यानं पुजलं तर ते दुसऱ्याचं होतं, असं सासरे सांगून गेलेले. बावीस दसरे यांनी ते मशीन स्वतः धुऊनपुसून, कुंकू लावून पुजलं होतं. कारखान्याला त्या दिवशी भरपगारी सुटी असते, पण लेथवाले, वेल्डर, फिटर सगळे तासाभरासाठी येतात. आपापल्या मशीनला झेंडूचा हार घालतात, नारळ फोडतात, फाफडा-जिलेबीची पाकिटं घेतात आणि घरी जातात. जाण्याआधी मशीन दोन-तीन मिनिटं चालवून शकुनाचा एक जॉब काढायचा, अशी रीत आहे. त्या तुकड्याचा काही उपयोग नसतो. तो हाराखाली ठेवून देतात.

आदल्या दिवशी विक्रमसिंहांचा फोन आला. "तुझ्या मशीनवर सध्या ठेकेदाराचा पोरगा आहे. पूजा त्याला करू देऊ का?"

यांचा चेहरा पडला. मी पाहिला आणि मला तो पाहवला नाही. मीच म्हटलं, "पट्टा बांधा आणि जाऊन या. रिक्षानं जा, रिक्षानं या. देवाचं काम आहे, कोण काय म्हणणार?" सकाळी बसून हार मीच ओवला, मध्ये मध्ये आंब्याची पानं घालून. हे दीड तासात परत आले. चार आठवड्यांत प्रथमच माणसासारखे दिसत होते. आम्ही तिघांनी जिलेबी खाल्ली.

पंधरा दिवसांनी भत्ता जमा व्हायचा तो झाला नाही. त्याऐवजी ईएसआयच्या शाखा ऑफिसातून बोलावणं आलं आणि त्याच आठवड्यात, धनत्रयोदशीच्या अगोदर, कारखान्याचं रजिस्टर पत्र आलं. बाकीच्यांना बोनस आला, आम्हांला पत्र. यशश्रीनं ते वाचलं, मग पुन्हा वाचलं, मग सोपं करून सांगितलं.

भत्ता देण्यापूर्वी ऑफिस कारखान्याला विचारतं, हा माणूस या दिवसांत खरंच गैरहजर होता का. कारखान्यानं कळवलं होतं की दसऱ्याच्या दिवशी अविनाश मोहिते हजर होते, पंच आहे, त्यांनी मशीन चालवलं, त्या दिवसाचा पगार दिलेला आहे. म्हणून ऑफिसनं भत्ता थांबवला. आणि आम्हांला कारखान्यानं लिहिलं होतं की ज्या अर्थी तुम्ही दसऱ्याला काम केलंत, त्या अर्थी तुम्ही बरे झाला आहात. त्यानंतर कामावर आला नाहीत. रजा शिल्लक नाही. म्हणजे ही बिनपरवानगी गैरहजेरी आहे, तुम्हांला कामावरून का काढू नये, याचा खुलासा करा.

"तुम्ही पंच केलंत?" मी विचारलं.

"दारातून आत जाताना बोट गेलंच," हे म्हणाले. "विक्रम पण म्हणाला, टेकव, सुटीचा पगार लागेल. मला तर पगाराचं डोक्यातही नव्हतं."

बावीस वर्षं ज्या दारात बोट टेकवलं तिथे तेविसाव्या वर्षी ते आपोआप पुढे झालं. दुसऱ्या कुठल्या माणसानं आजारपणात पंचिंग मशीनकडे ढुंकून पाहिलं नसतं. पण मोहित्यांच्या घरात हजेरी नुसती लावत नाहीत, ती भोगतात.

शाखा ऑफिसला जायच्या आधी मी यांना दोन दिवस पढवलं. "विचारलं तर म्हणायचं, पूजेला गेलो होतो. हार घातला, नारळ फोडला, आलो. मशीन चालवलं नाही."

"पण चालवलं की."

"तीन मिनिटं. त्याला चालवणं म्हणतात का?"

"तीन मिनिटं चालवलं," हे म्हणाले.

मी कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, निदान गप्प तरी बसा, मी बोलेन.

शाखेच्या मॅनेजरबाई पन्नाशीच्या होत्या. गुजरातीत बोलत होत्या, आडनाव ऐकून मराठीत आल्या, पण त्यामुळे चेहऱ्यावर काही फरक पडला नाही. समोर कारखान्याचा फॉर्म होता. त्यांनी मला बोलूच दिलं नाही. यांच्याकडे बघून सरळ विचारलं, "दसऱ्याला मशीन चालवलंत का?"

मी टेबलाखालून यांच्या पायावर पाय दिला. तो नेमका ऑपरेशनच्या बाजूचा होता. हे कळवळले आणि म्हणाले, "हो, बाई. पूजा झाल्यावर शकुनाचा एक जॉब काढला. तीन मिनिटं लागली असतील. वाकलो नाही. पट्टा बांधलेला होता. मग घरी येऊन झोपलो."

"पगार मिळाला त्या दिवसाचा?"

"मिळाला. मी मागितला नव्हता, पण खात्यात आला आहे."

बाईंनी सगळं लिहून काढलं, वाचून दाखवलं, यांची सही घेतली. डॉक्टरकडे पुन्हा तपासणीला पाठवलं. म्हणाल्या, "मध्ये दिवाळीच्या सुट्या आहेत. लाभपाचमनंतर पंधरा दिवसांत निर्णय कळेल. तोवर सर्टिफिकेटं देत राहा, एकही आठवडा चुकवू नका."

बाहेर जिन्यात मी यांना काय काय बोलले ते लिहीत नाही. चार लोकांनी वळून पाहिलं. सार एवढंच की मुलगी लग्नाची होईल तेव्हा तिला तुमच्या खरेपणाचे दागिने घालू. हे कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होते. खाली पोचल्यावर म्हणाले, "बाईंनी विचारलं, मी सांगितलं. अजून काय करायचं असतं?"

दिवाळीच्या पाडव्याला विक्रमसिंह आले. यांचे जुने दोस्त, दोघं एकाच महिन्यात कामावर लागलेले. त्यांनी चहा घेतला, तो थंड केला आणि मग सांगितलं, की मशीन चालताना पाहिलं असं कारखान्यानं त्यांच्याकडून लिहून घेतलं आहे.

"किती वेळ चाललं ते लिहिलं?" मी विचारलं.

"ते लिहायला जागा नव्हती, वहिनी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "पर्मनंट अकराच उरलो आहोत आम्ही. एकेकाला कमी करायचं चाललं आहे. माझीही तीन वर्षं राहिलीत." मग यांच्याकडे वळून हळू म्हणाले, "अवी, काहीही झालं तरी कसल्या कागदावर सही करू नकोस. आजारपणाचा भत्ता चालू असतो तोवर माणसाला कामावरून काढता येत नाही, कायदा आहे तसा. मी एका युनियनवाल्याला विचारलं."

"भत्ता चालू कुठे आहे?" मी म्हटलं. "बंद केलाय ना. तुमच्या मित्राच्या सत्यवचनामुळे."

"निकाल यायचा आहे अजून," विक्रमसिंह म्हणाले.

"निकाल काय यायचा? कबुलीजबाब दिलाय यांनी, सहीनिशी."

ते गेल्यावर मी त्यांच्या कपात उरलेला चहा मोरीत ओतला आणि म्हटलं, ज्यानं पंच करायला लावलं, ज्यानं साक्ष दिली, तोच आता अक्कल शिकवायला आला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. हे म्हणाले, "घाबरला आहे तो. पण सांगतोय ते बरोबर आहे."

लाभपाचमला, म्हणजे पाडव्यानंतर चार दिवसांनी, कारखाना उघडला आणि तिसऱ्या दिवशी मयंकचा फोन आला. अविनाशभाईंना घेऊन या, घरचंही कोणी या. मी दुकानातून सुटी घेतली. त्याच्या केबिनमध्ये एसी होता आणि यांच्यासाठी मऊ खुर्ची आणून ठेवली होती. यावेळी नारळपाणी नव्हतं.

त्यानं आमच्यासमोर दोन कागद ठेवले. एक चौकशीचा. चौकशी होणार, खोटा आजार दाखवून दोन्हीकडून पैसे घेतले म्हणून कामावरून काढणार आणि ते ईएसआयला लिहून कळवणार. "खोटो क्लेम छे, बेन. एमां छ महिनानी जेल छे," तो शांतपणे म्हणाला. जेल म्हणताना त्याचा आवाज नारळपाणी देतानाचा होता तसाच होता. दुसरा कागद कोरा होता. त्यावर राजीनामा लिहून द्यायचा. मग चौकशी नाही, बदनामी नाही, ग्रॅच्युइटी आणि फंड महिन्याभरात. ग्रॅच्युइटी तशीही मिळायचीच होती, हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, पदरचं देतो आहे.

हे म्हणाले, "ईएसआयचा निकाल आठ-दहा दिवसांत येईल. तो येऊ दे. मग जे असेल ते."

"आ ऑफर आजनीज छे," म्हणजे फक्त आजच्यापुरती, असं मयंक म्हणाला आणि पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेला. ग्लास दोनच होते, तरी बराच वेळ लावला.

मी यांच्याकडे पाहिलं. पट्ट्यामुळे ताठ बसलेले. चेहरा असा, की जणू कोणीतरी हजेरी घेत आहे आणि यांचं नाव येईपर्यंत थांबायचं आहे. आणि मला राग आला. आजवर साठलेला सगळा राग आला, जाड पुरणपोळीपासूनचा.

"करा सही," मी म्हटलं.

"वसू, थांबू या. दहा दिवस."

"दहा दिवसांनी पोलीस आले तर? यशश्रीच्या कॉलेजात कळलं तर? तुम्ही खरं बोललात ना, आता त्याचं फळ घ्या. मी नाही तुमच्याबरोबर कोर्टाच्या पायऱ्या चढणार."

"मी खोटं काही केलं नाही."

"तुम्हांला कोण विचारतं? पंच विचारतात, कागद विचारतात." मग मी रडायला लागले. मुद्दाम नाही, पण थांबवता आलं असतं, तेही थांबवलं नाही. यांना माझं रडणं कधी सोसत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे.

यांनी कोरा कागद पुढे ओढला. बावीस वर्षांत यांनी जॉबकार्डाखेरीज काही लिहिलेलं नव्हतं. 'माझ्या तब्येतीच्या कारणाने मी' इथपर्यंत लिहून थांबले. पुढचं मी सांगितलं आणि यांनी लिहिलं. मयंक अगदी वेळेवर पाणी घेऊन आला. राजीनामा त्याच दुपारी मंजूर झाला, तसं पत्र हातोहात मिळालं. पंचिंग मशीनजवळून बाहेर पडताना यांचा हात थोडा वर आला आणि पुन्हा खाली गेला.

त्यानंतर अकरा दिवस मी फार शहाणी होते. शेजारीपाजारी, दुकानात, माहेरी फोनवर, सगळ्यांना सांगत होते, की माणूस अतिखरा असला की काय होतं बघा. मी होते म्हणून निभावलं, नाहीतर तुरुंगात असते. दुकानातल्या बायका मान डोलवायच्या. फॉल लावता लावता एक जण म्हणाली, "वसुंधराबेन, तमे हिंमतवाळा छो." मला ते आवडलं.

बाराव्या दिवशी यशश्रीच्या मोबाइलवर मेसेज आला. थांबवलेला भत्ता जमा झाला होता. एक दिवस वगळून सगळा.

मला वाटलं, चुकून आला असेल, परत मागतील. दुकानात जाता जाता एकटीच शाखा ऑफिसात शिरले. मॅनेजरबाईंनी फाइल काढली. यावेळी मला बोलू दिलं.

"चूक नाही," त्या म्हणाल्या. "दसऱ्याचा एक दिवस नामंजूर केला आहे, कारण त्या दिवसाचा कंपनीकडून पगार मिळाला. बाकी सगळे दिवस मंजूर. डॉक्टरच्या तपासणीतही कामाला योग्य नाहीत असंच आलं."

"पण मशीन चालवलं होतं ना त्यांनी. कबूल केलं होतं."

"म्हणूनच तर." बाईंनी चष्मा सारखा केला. "कंपनीनं नुसतं मशीन चालवलं एवढं लिहिलं होतं. किती वेळ, कशासाठी, काहीच नाही. तुमच्या मिस्टरांनी सगळं आपणहून सांगितलं, पगार मिळाल्याचंसुद्धा. या खुर्चीत रोज दहा माणसं बसतात आणि नऊ जण म्हणतात, मी दाराच्या आत पाऊलच टाकलं नाही. त्यांनी तसं म्हटलं असतं तर पंच समोर होता, मला खोटा क्लेम म्हणून सगळंच रद्द करावं लागलं असतं. मी निर्णयात तसं लिहिलं आहे." मग फाइल मिटता मिटता म्हणाल्या, "तीन महिने व्हायला थोडेच आठवडे राहिले ना? कधी रुजू होणार कामावर?"

"राजीनामा दिला," मी म्हटलं.

"कधी?"

मी तारीख सांगितली. बाईंनी ती फाइलीतल्या तारखांशी ताडून पाहिली.

"त्या दिवशी त्यांचं सर्टिफिकेट चालू होतं," त्या म्हणाल्या. "त्या दिवसाचा भत्ताही आम्ही दिला आहे. कंपनीला त्यांना काढताच आलं नसतं. नोटीससुद्धा देता आली नसती. तुम्ही फक्त थांबायचं होतं."

"काढलं नाही त्यांनी," मी म्हटलं. "यांनी लिहून दिलं. राजीखुशीनं."

"मग माझ्या हातात काही नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी माझ्यासाठी पाणी मागवलं. मी ते तसंच ठेवून निघाले.

दुकानात गेले नाही. लहरीपुऱ्याच्या दरवाजाखालून गर्दीतून तशीच घरी आले. वाटेत मयंकला शिव्या दिल्या, विक्रमसिंहांना दिल्या, पंच करायच्या मशीनला दिल्या. घर जवळ यायला लागलं तशा शिव्या संपल्या. पाणीगेटपाशी मला स्पष्ट दिसलं, की त्या केबिनमध्ये 'थांबू या' म्हणणारा एकच माणूस होता आणि त्याला थांबू न देणारीही एकच होती. मयंक तर तेव्हा खोलीतसुद्धा नव्हता.

हे पलंगावर टेकून यशश्रीची वही पाहत होते. माझा चेहरा बघून वही बाजूला ठेवली.

मी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. गाळता आलं असतं. भत्ता आला एवढंच सांगून मला गप्प बसता आलं असतं आणि यांना जन्मात कळलं नसतं. पण बाईंनी यांच्याबद्दल जे लिहिलं ते सांगायचं होतं, आणि ते सांगायचं तर दुसरं सांगावंच लागत होतं.

"खरं बोलला म्हणून मंजूर केलं, असं लिहिलंय?" यांनी विचारलं.

"हो."

"म्हणजे नोकरी होती."

"होती," मी म्हटलं. "तुम्ही थांबू म्हणत होतात. मी थांबू दिलं नाही."

मी उभी राहिले. म्हटलं, आता बोलतील. बोलावं अशी माझी फार इच्छा होती. चोवीस वर्षांचं एकदम बोलले असते तरी ऐकून घेतलं असतं. उलटून भांडलेही असते, भांडायला मला येतं. यांनी पट्टा सैल केला, थोडं सरकून पलंगावर माझ्यासाठी जागा केली.

"तू घाबरली होतीस," हे म्हणाले.

तेही खरंच होतं. यांना दुसरं काही बोलताच येत नाही. मी त्या जागेवर जाऊन बसले आणि बाजूला ठेवलेली यशश्रीची वही यांच्या हातात परत दिली.